पाना ठेव, घरी जा

"वन्सं, गाडीतच खोट निघू दे," वहिनी म्हणाली. "नाही निघाली, तर किल्ली तुम्हीच काढून घ्या यांच्याकडून. माझ्याच्यानं नाही व्हायचं ते."

ती गॅरेजच्या दारात पर्स छातीशी धरून उभी होती. बोलत माझ्याशी होती, पण डोळे सगळे दादावर. दादा गाडी चालू ठेवून तिच्याभोवती फेऱ्या मारत होता आणि गाडी जागच्या जागी थरथरत होती. आरसा थरथरत होता, काच थरथरत होती. ॲक्सिलरेटर दिला की ठीक, पाय उचलला की पुन्हा हुडहुडी. आत डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा.

"हे बघ, डोळ्यांनी दिसतंय की गं," मी म्हटलं. "गाडी आजारी आहे. दादाला काय झालंय?"

"काल मोठ्या चौकात बंद पडली. हे उतरले, बॉनेट उघडलं आणि नुसते उभे राहिले. परक्याच्या घरात आल्यासारखे. मागचे लोक हॉर्न मारतायत, शिव्या देतायत, आणि हे मला विचारतात, आपण निघालो कुठं होतो गं?"

"गडबडीत होतं असं माणसाचं. परवा मी चष्मा डोक्यावर ठेवून सगळं गॅरेज पालथं घातलं. मला टाकतेस का कुठं नेऊन?"

वहिनी हसली नाही. "मुलगा म्हणतो, बाबांची गाडी बंद करा."

"त्याला काय जातंय म्हणायला? फोनवरून सगळेच शहाणे."

मी तावातावानं बोलले. कारण दादाची गाडी बंद करणं म्हणजे दादा बंद करणं. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यानं गॅरेज माझ्यावर सोपवलं. तरी गाडीच्या आवाजाशिवाय त्याचा दिवस उगवत नाही. शेजारपाजारच्या गाड्या जाताना तो खिडकीतून निदान सांगतो. मला ठिणगी हे नावही त्यानंच ठेवलं. मी लहानपणापासून तडतडी, शिवाय तारांचं काम मला आधी जमलं आणि इंजिनाचं नंतर. "मोटार दुरुस्त करणारी बहीण" म्हणून लोक हसले, तेव्हा यानं एकदाच सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "हसून घ्या. गाडी बंद पडली की तिच्याकडेच याल." आले सगळे. अजून येतात.

आणि आता त्या माणसाच्या हातून मी किल्ली काढून घ्यायची! कशी जीभ रेटली असेल वहिनीची.

"ठिणगे, गप्पा मारायला बसलीस का?" दादा ओरडला. "गाडीला थंडी वाजतेय, बघ की."

"आले रे!"

तेवढ्यात माझ्या पायात फुलवाली आली. तिच्या व्हॅनचा सेल्फ, इंजिन चालू करणारी ती छोटी मोटर, मी सकाळीच उतरवून टेबलावर उघडून ठेवला होता आणि ती तेव्हापासून स्टुलावर बसून माझ्या हातांकडे बघत होती. "ठिणगीताई, माझं काय? संध्याकाळी लग्न आहे. फुलांनी मान टाकली तर नवरी माझी मान धरेल."

"पाणी मारा फुलांवर. घरचं माणूस आलंय माझं."

"मीही घरचीच म्हणत होतात मघाशी."

मी मीटर उचलला आणि दादाच्या गाडीकडे पळाले. माझ्या पायाला एरवीही भिंगरीच असते, पण त्या दिवशी मी एका जागी उभीच राहू शकत नव्हते. हात मीटरवर आणि कान दादाच्या बोलण्यावर. तो बरोबर बोलतोय ना, शब्द चुकत नाहीये ना, हेच मी ऐकत होते. कधी नव्हे ते मी भावाचं निदान करत होते, आणि माझी मलाच चीड आली.

बॅटरीला मीटर लावला. गाडी चालू असताना काटा चौदा व्होल्टच्या आसपास हवा. म्हणजे अल्टरनेटर, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी भरणारं ते यंत्र, आपलं काम करतंय असं समजायचं. इथं बारा. दिवे लावले, तर बाराच्याही खाली घसरला.

मला इतका आनंद झाला की विचारू नका. गाडीतली खराबी बघून नाचावंसं वाटणारी मेकॅनिक जगात मी एकटीच असेन.

"वहिनी, निघाली! खोट निघाली! चार्जिंगच नाहीये गाडीला. बॅटरी भरतच नाही. मग चौकात बंद पडेल नाही तर काय करेल?"

वहिनी मटकन जुन्या टायरवर बसली आणि तिनं डोळे पुसले. "मग मी उगीचच..."

"उगीचच! चहा सांग आता सगळ्यांना."

पण दादा मान हलवत होता. "बंद पडण्याचं ठीक आहे. थरथरीचं काय? बॅटरी उतरली म्हणून थरथरते असं म्हणशील तर गॅरेजची चांगली बॅटरी जोड आणि बघ."

हे त्यानं एका दमात सांगितलं. बघा, कुठं विसरला? मी वहिनीकडे असं बघितलं की बघ, ऐकलंस ना. गाडी बंद करून गॅरेजची भरलेली बॅटरी बसवली, पुन्हा चालू केली. दिवा तसाच, आणि थरथरही तशीच. म्हणजे दुखणी दोन होती.

मग मी लागले शोधायला. प्लग काढले, पुसले, बघितले, परत लावले. एकेका सिलिंडरची ठिणगी तोडून बघितली. जो सिलिंडर मेलेला असेल, त्याची तोडल्यावर इंजिनाला फरक पडत नाही. इथं चारी वेळा फरक पडला. म्हणजे चारीही जिवंत. घोडं कुठं पेंड खातंय ते काही कळेना. कपाळावरचा घाम डोळ्यांत, फुलवालीचे उसासे पाठीवर, आणि दादा मधे मधे माझ्या फळ्यावरचे पाने काढून दुसऱ्याच खिळ्यांना अडकवत होता. आठ नंबरच्या जागी बारा, बाराच्या जागी पक्कड.

"दादा, माझी जागा बदलू नकोस ना!"

"तुझी जागा? हा फळा मी ठोकलाय."

"ठोकलास ना, मग त्यावर काय कुठं असतं ते तरी..." आणि मी जीभ चावली.

त्याला काही लागलं नाही. तो कोपऱ्यात गेला, हातभर रबरी नळी घेऊन आला. एक टोक कानाला लावलं, दुसरं इंजिनावर फिरवायला लागला. "गप्प बसा सगळ्या."

सगळ्या गप्प बसल्या. फुलवालीनं उसासासुद्धा अर्ध्यावर गिळला. दादाचे डोळे मिटलेले. नळीचं टोक इंजिनाच्या मागच्या बाजूला हळूहळू सरकत होतं आणि एका जागी थांबलं.

"इथं. शिट्टी वाजतेय. ऐक."

मी कान लावला. खरंच, इंजिनाच्या गोंगाटाखाली बारीकशी सीऽऽ येत होती. मागं, हात जेमतेम पोचेल अशा जागी, बोटाएवढी एक रबरी नळी. तिच्या तोंडाशी चीर पडली होती आणि तिथून इंजिन नको ती हवा ओढत होतं. दादानं चिरेवर अंगठा दाबला. थरथर थांबली. अंगठा उचलला, पुन्हा सुरू. दाबला, थांबली.

"काय गं ठिणगे, काखेत कळसा?"

मी त्याच्या पाठीत गुद्दा घातला. वहिनी हसायला लागली, फुलवालीनं टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, सुटलो. ज्या माणसाचा कान असा शाबूत आहे, त्याचं डोकं बिघडलंय म्हणणाऱ्यांनी आधी आपलं बघावं.

इंजिनाची ती चिरलेली नळी मी कापून काढली. दादानं ती उजेडात धरली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ही आपोआप नाही फाटली. हे बघ, तोंड कसं सैल झालंय. कुणीतरी रोज ओढून काढलीय आणि परत बसवलीय. कुठल्या गाढवाचं काम आहे हे?"

"उंदरानं कुरतडली असेल," मी आपलं म्हटलं.

"उंदीर परत बसवून जातो काय?"

मग अल्टरनेटर खाली घेतला. माझ्या आधी दादानंच नाकाला लावला. जळका, कडवट वास. मागचं झाकण काढलं तर आत डायोड, वीज एकाच दिशेनं सोडणारे ते छोटे भाग, भाजून काळे पडलेले. दादा ते जवळून बघून एकदम भडकला.

"चालू गाडीचं टर्मिनल ओढलंय कुणीतरी!"

हे जरा सांगायला हवं. फार पूर्वीच्या गाड्यांना अल्टरनेटरच्या जागी डायनामो असायचा. तेव्हाची मंडळी गाडी चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल, म्हणजे खुंटीवर आवळलेलं तारेचं टोक, सरळ उचलायची. गाडी चालत राहिली तर डायनामो चांगला, बंद पडली तर मेलेला. ना मीटर, ना काही. दादाही त्याच्या उस्तादाकडे तेच शिकला. पण नव्या गाड्यांत असं केलं की वीज उसळते आणि अल्टरनेटर जाळून टाकते. आमच्या बाजारात हे सगळ्यात आधी दादाला कळलं आणि त्यानं नियमच केला. जो चालू गाडीचं टर्मिनल काढेल, त्यानं पाना ठेवायचा आणि घरी जायचं. दुसरी संधी नाही. वहिनीचा सख्खा भाऊ आमच्याकडे कामाला होता, चांगला कारागीर. एकदा त्याच्या हातून सवयीनं झालं. दादानं आवाजसुद्धा चढवला नाही. "पाना ठेव, घरी जा," एवढंच. वहिनीनं महिनाभर अबोला धरला, तरी दादा ढिम्म हलला नाही.

तोच दादा आता वहिनीसमोर उभा होता, हातात जळका अल्टरनेटर. "अगं, गाडी कुणाकडे टाकली होती का?"

"नाही हो," वहिनी म्हणाली. "कुणाकडे टाकणार?"

"मग माझ्या गाडीला हात कुणी लावला? नाव सांग मला त्याचं. भाऊ आला होता का तुझा?"

"तो कशाला येतोय..."

मी बॅटरीकडे बघितलं. टर्मिनलचा नट बोटानं फिरेल इतका ढिला. शिशाच्या खुंटीवर ठिणग्यांचे खड्डे, एकावर एक, काही तर अगदी ताजे चकचकीत. हे एकदाचं काम नव्हतं.

दादा नवीन नळी शोधायला मागच्या खोलीत गेला. मी वहिनीला विचारलं, "गाडीतला रेडिओ चालतो का गं?"

"कसला चालतोय? रोज सगळी स्टेशनं पुसलेली. घड्याळही रोज बारावर. मला वाटलं, रेडिओच गेला."

बॅटरीची तार निघाली की रेडिओ विसरतो, घड्याळ विसरतं. पुढचा प्रश्न मला विचारायचाच नव्हता. तरी विचारला. "सकाळी दादा काय करतो?"

"चहाच्या आधी खाली जातात. गाडी चालू करून बॉनेट उघडतात, काहीतरी ओढतात, काढतात, परत बसवतात. मी म्हटलं असू दे, हात शिवशिवत असतील. वर येऊन मग म्हणतात, गाडी थरथरतेय, उद्या बघायला हवी." ती बोलता बोलता थांबली. तिच्या भावाला घरी पाठवलेला तो दिवस तिच्याइतका कुणाच्या लक्षात असणार? तिचा चेहरा उतरला. "वन्सं, म्हणजे हेच..."

"गाडीत खोट आहे," मी म्हटलं.

"वन्सं."

"आहे ना! नळी फाटलीय, अल्टरनेटर जळलाय. डोळ्यांनी बघितलंस ना? मग? मी दोन्ही बदलते, गाडी नवी होते, विषय संपला!"

मी केवढ्यानं ओरडले ते फुलवाली चपापून उठली तेव्हा कळलं. वहिनीनं माझ्या तेलकट हातावर हात ठेवला. मी तो झटकला. तिच्यावर राग नव्हता माझा. तिचं खरं होतं, याचा राग होता. गाडी बरी करून काय उपयोग? उद्या सकाळी चहाच्या आधी तो पुन्हा खाली जाणार. आणि परवा पुन्हा चौकात, मागं हॉर्न, शेजारी वहिनी.

"संध्याकाळी बघू," मी म्हटलं. "आधी गाडी होऊ दे."

मग मी अशी कामाला लागले की जणू कुणी मागं लागलंय. माझ्याकडे तसाच एक दुरुस्त करून ठेवलेला अल्टरनेटर होता, तो चढवला. पट्टा ताणला. दादानं नवी नळी स्वतः बसवली, क्लिप दोनदा तपासली. "नळी चढवून क्लिप सोडली की काम झालं नसतं ठिणगे, ओढून बघितलं की होतं," हे त्यानं मला आजवर शंभरदा सांगितलेलं वाक्य पुन्हा सांगितलं. एरवी मी वैतागले असते. आज म्हटलं, अजून शंभरदा सांग बाबा.

गाडीची बॅटरी तासाभरापासून चार्जरला लावून ठेवली होती, ती परत बसवली, नट घट्ट आवळला. गाडी चालू केली. काय सुरेख चालली! थरथर नाही, कुरकुर नाही. लाल दिवा विझला तो विझलाच. मीटर चौदा.

"झाली," दादा म्हणाला. त्याचा चेहरा इतका खुललेला की मला बघवेना.

मी पाठ फिरवली. व्हॅनचा सेल्फ मी मधल्या वेळात जोडत आणला होता. तो व्हॅनखाली जाऊन बसवला, आणि फुलवालीनं किल्ली फिरवल्याबरोबर व्हॅन चालू झाली. ती मला दुवा देत, कुणाला तरी फोनवर "पोचलेच बघ, पोचलेच" असं धादांत खोटं सांगत निघून गेली. मी हात पुसत होते. मागं दादाची गाडी अजून चालूच होती.

आणि लोखंडावर लोखंड घासल्याचा बारीक आवाज झाला.

तो आवाज मी झोपेतही ओळखेन. दहा नंबरचा पाना नटावर बसला की तसा येतो. वळून बघितलं, तर दादा बॉनेटखाली वाकलेला. उजव्या हातात दहाचा पाना, डाव्या हातानं टर्मिनल धरलेलं. इंजिन चालू.

"दादा!"

"थांब गं, चार्जिंग बघतोय." मान वरसुद्धा केली नाही. आवाजही वेगळाच, भरलेला, तरुणपणचा. नट सुटायला लागला होता.

मी धावले आणि त्याचं मनगट धरलं. "दादा, गाडी चालू आहे रे!"

तो थांबला. आधी माझ्या हाताकडे बघितलं, मग स्वतःच्या. मग पान्याकडे, नव्या अल्टरनेटरकडे. टर्मिनलखाली शिशावर ते खड्डे होते, त्यांच्यावरून त्यानं अंगठा फिरवला. मी त्याचं मनगट सोडलं.

त्यानं वहिनीकडे बघितलं. "रोज?"

वहिनीनं मान डोलावली.

"मीच?"

तिनं पुन्हा मान डोलावली.

दादाला आयुष्यात कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागली नाही, हेही लागलं नाही. त्यानं सुटलेला नट परत आवळला, टर्मिनल हलवून बघितलं. मग खिशातलं फडकं काढून पाना पुसला. आधी एक तोंड, मग दुसरं, मग दांडी. फळ्याजवळ गेला. सकाळी त्यानं स्वतःच सगळी अदलाबदल करून ठेवली होती. बाराचा पाना काढून बाराच्या खिळ्याला लावला, पक्कड पक्कडीच्या जागी, आठ आठच्या. सगळं जागच्या जागी गेल्यावर दहाचा पाना त्याच्या खिळ्याला अडकवला. तो हलत राहिला, तेव्हा बोटानं थांबवला.

"ठेवला," तो म्हणाला.

"दादा, तसं नाही रे. नियम कामगारांना होता..."

"नियम गाडीसाठी होता ठिणगे."

त्यानं बॉनेट बंद केलं, आत हात घालून गाडी बंद केली, किल्ली काढली. ती किल्ली मागायला लागू नये म्हणून मी सकाळपासून जिवाचं रान केलं होतं. आता मागायची वेळच आली नाही. त्यानं आपणहून ती माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं मिटली.

"चल. घरी जायचं ना आता. तू चालव."

सवयीनं तो चालवायच्या बाजूला गेला, दाराला हात घातला आणि तसाच उभा राहिला. मग बॉनेटवर हात ठेवत ठेवत पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूला आला. वहिनी मागं बसली. मी गॅरेज उघडंच टाकलं. बंद करायचं भान कुणाला होतं?

गाडी लोण्यासारखी चालली होती. पहिल्या सिग्नलला थांबलो, तर मागून वहिनीनं घाबरून विचारलं, "बंद पडली का हो?"

"चालू आहे," दादा म्हणाला. डोळे मिटून ऐकत होता. "छान चालू आहे."

सिग्नल सुटला. पुढं मोठा चौक होता, कालचाच. मी वेग कमी करायला लागणार, तेवढ्यात माझं लक्ष खाली गेलं. दादाचा उजवा पाय समोरच्या पायपुसण्यावर दाबला गेला होता. तिथं ब्रेक नव्हता, काहीच नव्हतं. पुढची रिक्षा वळली, पाय पुन्हा दाबला. एक म्हातारी रस्ता ओलांडायला लागली, पुन्हा. माझ्या आधी क्षणभर, दर वेळी अचूक. त्याला स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता. तो समोर बघत होता.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि गाडी चालवताना डोळ्यांत पाणी चालत नाही. मी बाहीनं पुसलं.

मग मी रस्त्याबरोबर त्याच्या पायाकडेही बघायला लागले. तो दाबायचा, की मी दाबायची. तो उचलायचा, की मी उचलायची. घरापर्यंत गाडी दर वेळी त्यानंच थांबवली.